उजव्या हातात अकरा

"हात सैल सोड, पोरी. बोटं अशी ताणलीस तर काच चढेल कशी?"

इंदूमावशी कासारणीने माझा डावा हात मांडीवरच्या पदरात घेतला होता. अंगठ्याच्या मुळाशी तिने एकदा दाबलं, तळहात किंचित मुडपला, आणि दहा हिरव्या बांगड्या मनगटावर अशा उतरल्या की कधी गेल्या ते मला कळलंही नाही. तिने बांगड्यांना हळदकुंकू लावलं, पदर झटकला आणि पुन्हा पसरला.

"आण आता उजवा. उजव्यात अकरा."

मी उजवा हात पाठीमागे नेला.

"उजव्यात नको, मावशी. डाव्यात भरल्या तेवढ्या पुरेत."

खोलीतलं बोलणं एकदम थांबलं. बार्शीचं आमचं घर, दिवाणखान्यात सतरंज्या, त्यांवर पंचवीसेक बायका, आणि मधोमध पाटावर मी. सातवा महिना. हिरवी साडी, गळ्यात, दंडात आणि डोक्यावर निशिगंधाचे दागिने. फुलं सकाळपासून अंगावर होती. दुपारी दोनपर्यंत त्यांना शिजून उरलेल्या भाजीसारखा वास यायला लागला होता. समोर चांदीच्या ताटात दोन वाट्या उपड्या ठेवलेल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. खव्याला पाणी सुटलं होतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत. आत्या हसल्या. पाहुण्यांसमोरचं त्यांचं एक हसू आहे, त्यात ओठ हलतात आणि बाकीचा चेहरा जागेवरच राहतो.

"अगं, एका हातात चुडा आणि दुसरा हात रिकामा? डोहाळजेवणाला? लोक काय म्हणतील?"

"आत्या, तुम्हाला माहितीये ना."

"मला काय माहिती असायचंय? मला एवढंच माहितीये की सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत."

हे त्या मोठ्याने म्हणाल्या. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. माझी आई करमाळ्याहून आली होती, ती भिंतीला टेकून बसली होती. तिने मान खाली घातली आणि मांडीवरच्या ओटीतले तांदूळ चिवडायला लागली.

त्याच्या सव्वा वर्ष आधी मी मागच्या दाराच्या पायरीवरून घसरले होते. उजव्या मनगटाच्या हाडाला केसाएवढी चीर. सहा आठवडे प्लॅस्टर. प्लॅस्टर काढलं त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. त्याच दिवशी, दवाखान्यातून रिक्षाने घरी येताना, वारा हाताला लागला आणि मी ओरडले. रिक्षावाल्याने ब्रेक मारला.

तेव्हापासून हा हात वेगळाच झाला. भाजलेल्या ओल्या जागेवरून कुणी खरखरीत पंचा फिरवावा, तसं. पंख्याचा वारा लागला तरी. चादरीचं टोक लागलं तरी. नळाचं पाणी पडलं तर डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. मी डाव्या हाताने पोळ्या लाटायला शिकले. पोळ्या वेड्यावाकड्या व्हायच्या, आत्या त्या गिरीशच्या ताटात वाढताना म्हणायच्या, "आज कुठल्या देशाचा नकाशा आहे बघ."

गिरीश म्हणजे माझा नवरा. त्याने मला सगळीकडे नेलं. बार्शीत दोन डॉक्टर, सोलापुरात तीन. एक्स-रे, रक्त, एमआरआय, सुया टोचून नसांची तपासणी. निळ्या फायलीत कागद जमत गेले आणि प्रत्येकावर तेच. शेवटचे डॉक्टर फाईल मिटत म्हणाले, "रिपोर्ट स्वच्छ आहेत. आनंदाची गोष्ट आहे. मनावर घेऊ नका." आत्यांनी खरंच आनंद मानला. देवळात नारळ फोडला आणि गल्लीत पेढे वाटले. शेजारणी अभिनंदन करायला आल्या, त्यांतल्या एकीने कौतुकाने माझा तोच हात हातात घेतला. मी पेढ्याचा डबा पाडला. सगळ्या फरशीभर पेढे, आणि मी मनगट छातीशी धरून उभी. त्या दिवशी संध्याकाळी आत्या पहिल्यांदा म्हणाल्या, "हिला बरं व्हायचंच नाहीये."

पण गिरीश तसं म्हणाला नाही. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. घरात तो एकटाच म्हणायचा, "दुखतंय म्हणते म्हणजे दुखतच असेल." त्याचं बी-बियाणांचं दुकान आहे. नवीन माल आला की पोत्यातले दहा दाणे काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून खिडकीत ठेवायचा. किती उगवतात ते मोजल्याशिवाय ते पोतं शेतकऱ्याला विकायचा नाही. बाजारात त्याचं नाव होतं त्यासाठी. मला अभिमान होता त्याचा.

तर, डोहाळजेवण.

"दाखव तरी," इंदूमावशी म्हणाली. "मी धरत नाही. माझ्या तळव्यावर नुसता ठेव."

तिच्या दातांना मिश्री होती आणि तोंडाला तिचा वास. तरी त्या खोलीत तीच एकटी विचारून हात पुढे करत होती. मी उजवा हात तिच्या उघड्या तळव्यावर ठेवला. तिने बोटं मिटली नाहीत. दुसऱ्या हातात माझा डावा घेतला आणि डोळे मिटून बसली. मग उघडले.

"हा गार आहे."

"एसी लावलाय ना," कुणीतरी म्हणालं.

"एसी एका हाताला लागतो का, बाई? आणि घाम फक्त यालाच. नखं बघा याची, कशी रेघाळलीत. ही त्वचा बघा, ताणून बसवल्यासारखी." तिने माझे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले. "चाळीस वर्षं हात धरते मी. आंधळी झाले तरी ओळखेन. हे दोन हात एका बाईचे वाटत नाहीत."

मला वाटलं आता मी रडणार. सोलापूरच्या तीन डॉक्टरांपैकी एकानेही माझे दोन्ही हात एकदम धरले नव्हते. ते कागद धरत होते.

"मावशी, तुम्हीपण डॉक्टरीण झालात का?" उज्ज्वलाताई म्हणाल्या, आणि बायका हसल्या. खोली पुन्हा मोकळी झाली.

उज्ज्वलाताई माझ्या नणंद. लातूरला एका मोठ्या दवाखान्यात नर्स. बोलतात गोड. त्या पाटाजवळ येऊन बसल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांच्या सेंटचा वास, निशिगंधाचा वास आणि खव्याचा वास एकत्र झाला.

"अपर्णा, राग मानू नकोस हं. मी असले पेशंट रोज बघते. खोटं बोलतेस असं कुणी म्हणत नाहीये. मन असतं ते. मनाला सवय लागते. आज मुहूर्त चांगला आहे, बांगड्या भरल्या की सवय तुटेल. करून तर बघ."

"ताई, वारा लागला तरी..."

"वारा जागेपणी लागतो." त्या अजूनही हसत होत्या. "झोपेत नाही लागत."

मला समजलं नाही.

"सांगून टाक की तिला," आत्या म्हणाल्या. "किती दिवस झाकायचं? नऊ महिने झाले."

"जाऊ दे ना आई, आज नको."

"आजच सांग. चार बायकांसमोर आमची शोभा करते, तर चार बायकांसमोरच होऊ दे."

उज्ज्वलाताईंनी उसासा टाकला. "अगं, मागच्या मे महिन्यात मीच गिरीशला म्हटलं होतं. दवाखान्यात आम्ही करतो तसं. पेशंट झोपला की हळूच हात लावून बघायचा. खरं दुखणं असेल तर माणूस झोपेतही दचकतो. तू नाही दचकलीस."

"कोणी हात लावला?"

"तुझ्याच नवऱ्याने. परक्या कुणी नाही."

बाहेर पडवीत गिरीश आचाऱ्याशी बोलत होता. मसालेभाताला अजून किती वेळ, असं काहीतरी. आत्यांनी त्याला हाक मारली. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषाला बोलावलं म्हणून दोघी-तिघींनी पदर सारखे केले आणि खुसखुसल्या. तो उंबऱ्यात आला. हातात मसालेभाताची चव बघायला घेतलेला चमचा होता.

"काय झालं?"

"तू मे महिन्यात बघितलं होतंस ते सांग हिला."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे. त्याचे कान लाल झाले.

"ताई, हे आत्ता कशाला?"

"अहो," मी म्हणाले. "खरं आहे का?"

तो चमच्याकडे बघत म्हणाला, "मला फक्त खात्री करून घ्यायची होती. तुझ्यासाठीच."

"किती वेळा?"

"अपर्णा..."

"किती वेळा, अहो?"

"चार वेळा. दुपारी." त्याने चमचा दुसऱ्या हातात घेतला. "आधी टॉवेलचं टोक लावलं. मग बोट. मग... थोडं दाबून. तू हललीसुद्धा नाहीस."

मे महिन्यात डॉक्टरांनी मला नसांची एक गोळी दिली होती. ती घेऊनही हात तसाच दुखायचा, फक्त झोप दगडासारखी लागायची. दुपारी जेवणानंतरची गोळी गिरीशच द्यायचा. दुकान एक ते चार बंद. तो पाण्याचा तांब्या घेऊन यायचा, गोळी हातावर ठेवायचा आणि पलंगाच्या कडेला बसायचा. मी म्हणायची, तुम्ही पण पडा जरा. तो म्हणायचा, तू झोप, मी बसतो. डोळे मिटताना मला त्याची पाठ दिसायची. सव्वा वर्षात मला बरं वाटलेल्या जागा फार थोड्या आहेत, त्यांतली ही एक होती. मी झोपताना कुणीतरी जवळ बसलंय.

आता मला त्या दुपारी दुसऱ्या बाजूने दिसल्या. पलंगावर मी, तोंड थोडं उघडं, कदाचित लाळ आलेली. आणि तो टॉवेलचं टोक घेऊन वाकलेला, दहा दाण्यांतले किती उगवतात ते बघत. मग बहिणीला फोन. मग आत्यांना. मग पावसाळाभर, दसऱ्याला, दिवाळीला सगळे माझ्याकडे बघून गोड हसत होते आणि हाताचं कुणीच विचारत नव्हतं. मला वाटायचं, त्यांना सवय झाली. मी मनात आभारही मानले होते त्यांचे.

आणि या नऊ महिन्यांतच तो माझ्याशेजारी झोपला होता. पोटातलं बाळ त्यातलंच.

मला राग आला असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. तो राग नव्हता. भात खाताना दाताखाली झुरळ लागावं तसं झालं. जे गिळलंय ते सगळंच बाहेर यावं असं.

"घाल गं बाळ," भिंतीजवळून माझी आई म्हणाली. ती आत्यांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "पाच मिनिटं सोस. सगळे बघतायत."

मी उजवा हात इंदूमावशीच्या पुढे धरला.

"भरा."

"पोरी, मी भरणार नाही."

"भरा मावशी. अकराच्या अकरा."

तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. मग कुणाच्या तरी हातून साबणाचं पाणी मागवलं, एरवी तिला ते कधी लागत नाही. सगळ्यांत मोठ्या मापाच्या निवडून काढल्या. "बघू नकोस इकडे," ती म्हणाली.

पण मी तिच्याकडे बघतच नव्हते. मी गिरीशकडे बघत होते. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडावरून जाताना माझ्या कानांत शिट्टी वाजायला लागली. दुसरीला पाठीतून घामाची धार गेली. तिसरीपासून मी मोजणं सोडलं. मला फक्त एवढं आठवतं की त्याच्या शर्टाच्या खिशाला पेनाच्या शाईचा डाग होता, तो मी नीट बघितला. मी हूं की चूं केलं नाही. ओठही हलू दिला नाही. तोंडात रक्ताची चव आली, गाल आतून चावला होता.

"झाल्या," इंदूमावशी म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता.

मग उज्ज्वलाताईंनी टाळी वाजवली.

"बघितलंस! काही झालं का? उगाच बाऊ."

"मी म्हणत नव्हते?" आत्या म्हणाल्या. "एवढं सगळं मनाचं असतं." त्यांनी माझी अलाबला घेतली, कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. बायकांनी मोबाईल काढले. फोटोसाठी दोन्ही हात वर धर म्हणाल्या, मी धरले. काच काचेवर वाजली. कुणीतरी पाळणा म्हणायला लागलं.

ओरडले असते तर नाटक होतं. ओरडले नाही म्हणून काहीच नव्हतं. हे मला तिथे, त्या पाटावर, दोन्ही हात वर धरून कळलं.

आणि गिरीश. तो अजून उंबऱ्यातच होता. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. पोतं चांगलं निघालं की जसा होतो तसा. तो हसला माझ्याकडे बघून, प्रेमाने हसला, खरंच प्रेमाने, आणि हातातला चमचा चाटला.

मी ओकले. समोरच्या चांदीच्या ताटात, पेढ्यावर आणि बर्फीवर. निशिगंधाचा हार त्यात लोंबला.

बायका बाजूला सरकल्या. एक म्हणाली, "अगंबाई, सातव्यात ओकारी. पेढाच आहे बघा!" आणि हशा पिकला. मुलगा होणार म्हणून माझ्या ओकारीला हात जोडले कुणीतरी. आत्यांचा चेहरा पहिल्यांदाच सगळाच्या सगळा हसला.

मी तोंड पुसलं. हिरव्या पदराने पुसलं.

"मावशी, काढा."

"काय म्हणालीस?"

"उजव्या हातातल्या काढा. सगळ्या."

"वेड लागलंय का?" आत्या म्हणाल्या. "भरला चुडा उतरवतेस? पोटुशी बाई? गिरीश, सांग हिला."

"अपर्णा, आता तर झालंय ना," गिरीश म्हणाला. "आता काय?" तो पुढे आला आणि माझा हात धरायला वाकला. कोणता हात ते त्याने बघितलंही नाही.

"हात लावू नका," मी म्हणाले. "जागी आहे मी."

तो जिथे होता तिथेच थांबला. पाळणा बंद पडला.

इंदूमावशीने तोवर पिशवीतून एक फडकं काढलं होतं. ते तिने माझ्या मनगटाखाली सरकवलं, स्वतःचा हात लागू न देता, दोन बोटांनी. छोटा चिमटा घेतला. "सगळ्यांनी मागे सरका," ती म्हणाली. "चढवल्या मी, उतरवणार पण मीच. कासाराच्या हाताने उतरली तर त्यात काही अशुभ नसतं. तुमच्या सासूने सांगितलं नाही का तुम्हाला, वहिनी?"

सासूने सांगितलं नव्हतं असं आत्या चारचौघींत कशा म्हणणार. "सांगितलं होतं," त्या पुटपुटल्या.

काच चिमट्यात धरून ती बाहेरच्या बाजूला मोडत होती, म्हणजे तुकडा आत टोचू नये. एकेक. प्रत्येक वेळी थांबून विचारत होती, "पुढची?" आणि मी हो म्हणाले की मगच. अकरा वेळा तिने विचारलं. हात तोपर्यंत कोपरापर्यंत जांभळा झाला होता आणि दुसऱ्या हाताच्या दीडपट. ते तर सगळ्यांना दिसत होतं. कुणी त्याचा फोटो काढला नाही.

ती निघाली तेव्हा मी तिला सोडायला दारापर्यंत गेले. नमस्कार करायला वाकले तर तिने खांद्याला धरून उभं केलं.

"मावशी, खरंच तसा नियम आहे? कासाराने उतरवली तर चालतं?"

"कुठला नियम," ती म्हणाली आणि रस्त्याच्या कडेला मिश्री थुंकली. "चालले मी. बाळंत झालीस की बोलाव, बाळाला काळ्या मनगट्या आणते."

पेढा नव्हता, बर्फी होती. जुई झाली.

ती दोन वर्षांची असताना मिरजेच्या एका डॉक्टर बाईंनी माझे दोन्ही हात शेजारी ठेवून बघितले आणि या दुखण्याला नाव आहे असं सांगितलं. हाड जुळून गेल्यावरही काही जणांच्या नसा अशा पेटून राहतात, मशीनमध्ये दिसत नाहीत. लांबलचक इंग्रजी नाव, त्यांनी कागदावर लिहून दिलं. व्यायाम सांगितले. थोडा फरक आहे, पूर्ण नाही. तो कागद घरी आला त्या संध्याकाळी आत्या हळदीचं दूध घेऊन माझ्या खोलीत आल्या. उज्ज्वलाताईंचा लातूरहून फोन आला, की मला आधीपासून शंका होतीच. दूध मी बेसिनमध्ये ओतलं. त्यांच्या अविश्वासाची मला एवढी शिसारी आली नव्हती जेवढी त्या दुधाच्या वासाची आली. दुखणं तेच होतं. हात तोच होता. कागद मिळाला होता त्यांना.

गिरीशने माफी मागितली. आधीही मागितली होती, तेव्हाही. रडला. तो वाईट माणूस नाही, जुईचे केस माझ्यापेक्षा छान विंचरतो. मी त्याच्याच घरात आहे. फक्त त्या दिवसापासून मी दुपारची झोपत नाही. एक ते चार तो घरी असतो, जेवून आडवा होतो, जुईही त्याच्या पोटाशी झोपते, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हे असं काहीतरी लिहीत बसते. डाव्या हाताने. अक्षर पोळ्यांसारखंच.

मागच्या आठवड्यात मात्र मला ताप होता. गिरीश माल आणायला सोलापूरला गेलेला. मी जुईला थोपटता थोपटता पलंगावरच पडून राहिले, डोळे मिटले. उजवा हात नेहमीसारखा उशीवर वेगळा ठेवलेला. जुई चार वर्षांची आहे. तिला एवढंच माहीत आहे की आईचा हा हात विचारून धरायचा.

ती उठून बसल्याचं मला कळलं. गादी हलली. मग तिचा श्वास माझ्या मनगटाजवळ आला, गरम, दुपारी खाल्लेल्या केळ्याचा वास असलेला. माझं सगळं अंग ताठ झालं.

"आई, झोपलीस?" ती कुजबुजली. "हात लावू?"

मी उत्तर दिलं नाही. डोळे मिटून पडून राहिले. लावते का बघू, असं माझ्या मनात आलं.

ती तशीच बसून राहिली. लांबून कुठूनतरी भंगारवाल्याची हाक आली, गेली. तिने हात लावला नाही. पुन्हा विचारलं, आणखी हळू, "आई?"

आणि मी काय करतेय ते माझ्या लक्षात आलं. मी टॉवेलचं टोक घेऊन बसले होते. चार वर्षांच्या पोरीसमोर. घशाशी आंबट आलं, ती जुनीच चव. मी लगेच डोळे उघडले.

"जागी आहे गं, सोन्या. लाव. एकच बोट."

तिने एकच बोट टेकवलं, मनगटाच्या हाडावर, फुलपाखरू बसवावं तसं. माझ्या डोळ्यांपुढे पांढरं झालं.

"दुखलं?"

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि बोट काढून घेतलं.